दुकानातील काटा आणि घरातील कारागीर

व्यापाऱ्याच्या घरातील मूल शाळेत जाण्यापूर्वीच निम्मे शिकलेले असते, असे जुनी माणसे म्हणत. ह्या म्हणण्यात अतिशयोक्ती असली तरी तथ्यही होते. पेढीवर आजोबांच्या गादीशेजारी बसून ते पावकी, निमकी, दिडकी म्हणत असे; गुळाच्या ढेपेचा रंग, हरभऱ्याचा दाणा आणि कापडाचा पोत पाहून मालाची पारख करू लागे; आणि तराजूची दांडी प्रथम हातात आली की माल घालण्यापूर्वी रिकामी पारडी समतोल आहेत की नाहीत हे पाहावे, नसल्यास पासंग काढावा, हे त्यास कोणी पुस्तकातून शिकवीत नसे. ती विद्या हाताची होती, आणि हाताची विद्या सहसा विसरली जात नाही.

आज दुकानांचे रूप पालटले आहे. दांडीच्या तराजूच्या जागी आकडे उजळणारा इलेक्ट्रॉनिक काटा आला. रोजकीर्दीचे व खतावणीचे काम संगणकाने उचलले. पैसे जमा झाल्याची वर्दी देणारी बोलकी पेटी गल्ल्याशेजारी बसली. आपली मुले ही सारी साधने आपल्यापेक्षा अधिक चपळाईने चालवितात, आणि आपण त्यांचे कौतुक करतो. ते कौतुक अस्थानी नाही. परंतु वस्तू चालविता येणे निराळे आणि वस्तू जाणणे निराळे. जुन्या तराजूचे सारे अंतरंग डोळ्यांसमोर उघडे असे. नव्या काट्याचे अंतरंग झाकणाखाली दडलेले आहे. ज्या घराण्यांनी पिढ्यान्पिढ्या मालाची पारख केली, त्यांच्या मुलांनी रोजच्या वापरातील वस्तूंविषयी केवळ गिऱ्हाईक होऊन राहावे काय, हा प्रश्न सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

सुदैवाने ते झाकण उघडण्याची साधने आज स्वस्त आणि सुलभ झाली आहेत. इलेक्ट्रॉनिकी, डाखकाम म्हणजेच सोल्डरिंग, आणि संगणकाची आज्ञावली लिहिणे ह्या तिन्ही गोष्टींची ओळख करून देणारे प्राथमिक संच बाजारात मिळतात. त्यांत काय असते, त्यांपासून मूल काय शिकते आणि पालकांनी कोणते पथ्य पाळावे, ह्याचा क्रमाने विचार करू.

संचाची थोडी पूर्वपीठिका

मुलांच्या हाती सुटे भाग देऊन यंत्र जुळवावयास लावण्याची कल्पना नवी नव्हे. रेडिओच्या आरंभीच्या काळात अनेक देशांतील शाळकरी मुलांनी तारेची गुंडाळी आणि स्फटिक ह्यांच्या साहाय्याने स्वतःचे ग्राहकयंत्र बनविले. अमेरिकेतील हीथ कंपनीने १९४७ साली सुट्या भागांचा पहिला इलेक्ट्रॉनिक संच विक्रीस काढला. तो ऑसिलोस्कोप ह्या मापनयंत्राचा होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि यंत्रे आकसू लागली. १९५८ मध्ये जॅक किल्बी ह्यांनी अनेक भाग एकाच तुकड्यावर घडविण्याची युक्ती दाखविली, आणि १९७१ मध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर सामावणारा इंटेल ४००४ हा सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आला.

यंत्रे लहान व स्वस्त झाली, हे खरेच. पण लहान होता होता ती अदृश्यही झाली. उघडून पाहावे असे त्यांत डोळ्यांना काही दिसेना. ही उणीव जाणून काही शिक्षकांनी मुद्दाम उघडी यंत्रे घडविली. इटलीतील इव्हरेआ ह्या गावच्या एका अभिकल्प संस्थेत २००५ साली आर्डुइनो ह्या छोट्या फळीचा जन्म झाला. तिचा आराखडा सर्वांस खुला ठेवण्यात आला. त्यामुळे तो वापरून कोणासही तशी फळी बनविता येते, मात्र आर्डुइनो हे नाव लावता येत नाही. आराखडा खुला आणि नाममुद्रा राखीव, हा व्यवहार व्यापाऱ्यांच्या ध्यानात चटकन येईल. ह्याच कारणाने तशा फळ्या आज काही शे रुपयांत मिळू शकतात. इंग्लंडमध्ये २०१२ साली पस्तीस डॉलरांचा रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक निघाला. २०१६ साली बीबीसीने मायक्रोबिट ही चार सेंटिमीटर रुंद व पाच सेंटिमीटर लांब अशी फळी तेथील अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांस विनामूल्य वाटली. तिच्यावर पंचवीस बारीक दिवे, दोन कळा, दिशा ओळखणारे होकायंत्र आणि हालचाल ओळखणारा संवेदक, एवढे सर्व बसविलेले आहे.

पहिला धडा : एक दिवा, एक रोधक

आरंभ ह्याहूनही साधा असावा. नऊ व्होल्टची एक बॅटरी, एक तांबडा एलईडी दिवा, एक रोधक म्हणजे रेझिस्टर, आणि तारा खोचण्यासाठी छिद्रे असलेली ब्रेडबोर्ड नावाची फळी, एवढे साहित्य पुरे. ह्या फळीवर उष्णता लागत नाही. तार खोचावी, चुकली तर उपसावी.

दिवा सरळ बॅटरीस जोडला तर क्षणभर झगमगून जळतो. त्यास मर्यादेत ठेवण्याचे काम रोधकाचे. किती रोधक घालावा, हे त्रैराशिकाइतकेच सोपे गणित आहे. तांबडा दिवा सुमारे दोन व्होल्ट घेतो. बॅटरीच्या नऊ व्होल्टांतून दोन वजा जाता सात उरले. दिव्यातून पंधरा मिलिअँपिअर प्रवाह जावा अशी इच्छा असेल तर सातास ०.०१५ ने भागावे; उत्तर सुमारे ४६७ ओहम येते. बाजारात त्याच्या निकटचा ४७० ओहमचा रोधक मिळतो. त्याच्या अंगावर पिवळा, जांभळा आणि तपकिरी असे पट्टे असतात : पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात, आणि तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. मालाच्या पुडक्यावर सांकेतिक अक्षरांत खरेदीभाव लिहिण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ही रंगांची सांकेतिक भाषा परकी वाटू नये.

मुलाने हिशेब केला, पट्टे वाचून रोधक निवडला आणि दिवा लागला, म्हणजे वहीतील भागाकार त्यास प्रथमच उजेड देतो. तार उलटी जोडल्यास दिवा लागत नाही. कारण एलईडीतून प्रवाह एकाच दिशेने जातो आणि त्याचा लांब पाय धन बाजूस असावा लागतो. ही गोष्ट मुलास आधी सांगू नये. न लागलेला दिवाच ती सांगेल.

डाखकाम : सराफकट्ट्यावरील ओळखीची विद्या

ब्रेडबोर्डवरील जोडणी तात्पुरती असते. वस्तू कायमची व्हावयाची तर डाख द्यावा लागतो. आपल्यापैकी ज्यांच्या सराफी पेढ्या आहेत त्यांनी कारागिराचे डाग देणे लहानपणापासून पाहिलेले असेल. तो प्रथम जोड स्वच्छ करतो, टाकणखार लावतो, मग तापवितो. तेव्हा जोडाचा धातू वितळून फटीत शिरतो. इलेक्ट्रॉनिकीतील डाखकाम ह्याच कुळातील आहे. फरक इतकाच की टाकणखाराच्या जागी राळ असते, आणि ती बहुधा डाखाच्या तारेच्या पोटातच भरलेली असते. राळेचे काम तेच : तापलेल्या धातूवरील गंज दूर करणे आणि डाखास पसरू देणे.

साठ भाग कथील व चाळीस भाग शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सियसला वितळू लागतो. शिसेविरहित डाख प्रकारानुसार २१७ ते २२७ अंशांच्या आसपास वितळतात. ते वापरणे किंचित अवघड, पण मुलांच्या हाती तेच द्यावेत, कारण शिसे शरीरास, विशेषतः वाढत्या वयात, अपायकारक आहे. सोल्डरिंग आयर्नचे टोक ह्याहून पुष्कळ अधिक, तीनशे अंशांच्या वर तापते. म्हणून लहानांस ते देऊ नये. दहा वर्षांच्या पुढे, हात स्थिर झाल्यावर, आणि वडीलधारे माणूस शेजारी बसले असता आरंभ करावा. डोळ्यांवर चष्मा, केस बांधलेले, खिडकी उघडी, टेबलावर लाकडी फळी, आयर्न ठेवावयास तिवई, आणि काम संपताच साबणाने हात धुणे, हे नियम पहिल्या दिवसापासून असावेत. राळेचा धूर छातीत जाऊ देऊ नये. दम्याचा त्रास असलेल्यांनी तर त्यापासून दूरच राहावे.

चांगला डाख कसा ओळखावा? प्रथम भाग आणि पत्रा दोन्ही एकदम तापवावेत, मग डाख त्यांस लावावा; आयर्नच्या टोकावर डाख वितळवून तो वरून थापू नये. नीट जमलेला जोड पायाशी पसरट, वर निमुळता, लहानशा टेकडीसारखा दिसतो. पुरेसे न तापविता दिलेला डाख गोळ्यासारखा वरच्यावर बसतो. वरून जोड दिसतो, आत तो नसतो. त्यास कच्चा डाख म्हणावे. असा जोड आज चालतो, उद्या चालत नाही, आणि हात लागला की पुन्हा चालतो. व्यवहारात ज्याच्या शब्दाचा असा भरवसा असतो, त्याच्याशी आपण किती दिवस उधारी ठेवू?

येथेच आणखी दोन इशारे देणे अगत्याचे आहे. घरातील २३० व्होल्टच्या विजेशी मुलांचा कोणताही प्रयोग जोडू नये. सर्व प्रयोग बॅटरीवर किंवा संगणकाच्या यूएसबी जोडणीवर व्हावेत. आणि बटनासारखे चपटे सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. असा सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेस दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. संशय येताच रुग्णालय गाठावे.

आज्ञावली : यंत्रास दिलेली चिठ्ठी

आज्ञावली म्हणजे यंत्रास क्रमाने दिलेल्या सूचना. मुनीमजींस आपण "तेवढे पाहून घ्या" म्हटले तर ते समजून घेतात. यंत्र समजून घेत नाही. जेवढे लिहिले तेवढेच ते करते. म्हणून आज्ञावली लिहिताना मुलास आपला विचार तुकड्या-तुकड्यांनी मांडावा लागतो, आणि हाच तिचा मोठा लाभ आहे.

मुलांसाठी म्हणून योजलेली लोगो ही संगणकभाषा १९६७ साली अमेरिकेत सिद्ध झाली. तिच्या निर्मात्यांपैकी सीमोर पॅपर्ट हे गणिती. जिनिव्हा येथे बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे ह्यांच्यासमवेत त्यांनी काही वर्षे काम केले होते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक मर्माची गोष्ट मांडली. शाळेत उत्तर बरोबर किंवा चूक असते आणि चूक म्हणजे अपयश ठरते. आज्ञावली मात्र पहिल्या झटक्यात बहुधा कोणाचीच बरोबर येत नाही. तेथे प्रश्न चुकले की बरोबर हा नसून कोठे बिघडले व ते कसे सुधारावे हा असतो. चुकीकडे पाहण्याची ही दृष्टी मुलास एकदा आली की ती इतर विषयांतही उपयोगी पडते, असा त्यांचा अभिप्राय होता. त्याच परंपरेत एमआयटी ह्या संस्थेतून २००७ साली स्क्रॅच ही विनामूल्य भाषा निघाली. तिच्यात रंगीत ठोकळे एकात एक अडकवून आज्ञावली बनते. आठ वर्षांच्या पुढील मुलांस ती सहज जमते. त्यानंतर आर्डुइनोची लिखित भाषा शिकावी, हा क्रम सुखाचा आहे.

घरी बनविलेला काटा

आता मूळ विषयाकडे, म्हणजे काट्याकडे वळू. दिवे लुकलुकविण्यात मुलाचे मन पंधरा दिवस रमते, नंतर "पुढे काय?" असा प्रश्न येतो. त्या वेळी व्यापाऱ्याच्या घरात करण्याजोगा सर्वांत उचित प्रयोग म्हणजे इलेक्ट्रॉनिक वजनकाटा.

साहित्य थोडके आहे : पाच किलोंपर्यंत भार सोसणारा लोडसेल, एचएक्स७११ ह्या नावाने मिळणारी छोटी पट्टी, आर्डुइनोची फळी, दोन लाकडी तक्ते आणि चार स्क्रू. हे सर्व बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा हैदराबादच्या कोठीतील गुजराती गल्लीत मिळेल. टपालानेही मागविता येते.

लोडसेल म्हणजे मध्ये पोखरलेली धातूची एक आडवी कांडी. तिचे एक टोक तळाच्या तक्त्यास घट्ट, दुसऱ्या टोकावर वरचा तक्ता. वर वजन ठेवले की कांडी किंचित वाकते, इतकी किंचित की डोळ्यांस दिसत नाही. तिच्या अंगास चिकटविलेल्या बारीक नागमोडी पट्ट्या त्यामुळे ताणल्या वा दाबल्या जातात आणि त्यांचा विद्युतरोध बदलतो. चार पट्ट्यांची ही मांडणी व्हीटस्टन सेतू ह्या नावाने ओळखली जाते. ती सॅम्युअल ख्रिस्टी ह्यांनी १८३३ साली प्रथम वर्णिली आणि १८४३ साली चार्ल्स व्हीटस्टन ह्यांनी प्रसिद्धीस आणली. तिचे तत्त्व तराजूचेच आहे : दोन बाजू समतोल असतील तर मध्ये फरक शून्य, एक बाजू ढळली की फरक दिसतो. जुना तराजू गेला असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो कांडीच्या पोटात जाऊन बसला आहे.

हा फरक फारच अल्प असतो. पाच व्होल्टांवर चालणाऱ्या अशा लोडसेलमधून पाच किलोंचा पुरा भार ठेवल्यावरही सुमारे पाच मिलिव्होल्टच मिळतात. एचएक्स७११ ची पट्टी हा अल्प फरक वाढविते आणि त्याचा आकडा करून आर्डुइनोकडे पाठविते. ह्या पट्टीबरोबर येणाऱ्या पिना बहुधा सुट्या असतात. त्यांस डाख देण्याचे काम मुलाने स्वतःच करावयाचे असते.

आता आज्ञावली. साध्या मराठीत ती अशी होईल :

रिकाम्या काट्याचे दहा आकडे घे आणि त्यांची सरासरी काढ. हा शून्याचा आकडा.
वजन ठेवल्यावर पुन्हा दहा आकडे घेऊन सरासरी काढ.
दुसऱ्या सरासरीतून शून्याचा आकडा वजा कर.
उरलेल्या आकड्यास एका ग्रॅमच्या भावाने भाग.
आलेले उत्तर दाखव, आणि पुन्हा दुसऱ्या ओळीपासून चाल.

ह्यातील पहिली ओळ म्हणजे पासंग काढणे होय. आणि "एका ग्रॅमचा भाव" कोठून आणावा? तेथे दुकानातील मुद्रांकित वजन उपयोगी पडते. समजा, रिकामा काटा ८४,२०० हा आकडा दाखवितो आणि पाचशे ग्रॅमचे वजन ठेवल्यावर २,९४,२०० दाखवितो. फरक २,१०,००० झाला. त्यास पाचशेने भागता एका ग्रॅमचा भाव ४२० निघाला. आता अडीचशे ग्रॅमचे वजन ठेवल्यास आकडा शून्याच्या वर १,०५,००० इतका चढला पाहिजे. चढला तर काटा खरा. ज्या त्रैराशिकास मूल परीक्षेपुरते सोसत होते, ते येथे त्याच्या हाताखाली राबू लागते.

परंतु पहिल्या दिवशी आकडा तितका चढत नाही, आणि खरे शिक्षण येथे सुरू होते. कधी आकडा उणे दिशेस पळतो : संकेताच्या दोन तारा अदलाबदल झालेल्या असतात, किंवा कांडी उलटी बसलेली असते. कधी वजन न बदलता आकडा भटकत राहतो : एखादा डाख कच्चा असतो. कधी अर्धा किलो बरोबर येतो आणि दोन किलो कमी भरतात : वरचा तक्ता कोठेतरी खालच्यास टेकून भार चोरीत असतो. कधी सकाळी जुळलेला काटा दुपारच्या उन्हात ढळतो, कारण उष्णतेने धातू व रोध दोन्ही बदलतात. प्रत्येक दोषाचे कारण शोधण्याची रीत एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदल वहीत टिपावा, आणि मल्टिमीटरने तपासल्याखेरीज कोणत्याही जोडास निर्दोष मानू नये. रोकड न जुळल्यास आपण काय करतो? शिल्लक फरकाची रक्कम कोठेतरी दडपून मेळ बसविणारा मुनीम आपणांस नको असतो. पान-पान चाळून चुकलेली नोंद काढणारा हवा असतो. काटा मुलास हाच धडा देतो. त्यास खुशामत कळत नाही, धमकी कळत नाही, आणि "जवळजवळ बरोबर" हे उत्तर तो स्वीकारीत नाही.

अर्थात, घरी बनविलेल्या ह्या काट्यावर माल विकता येणार नाही. विक्रीचा काटा २००९ च्या वैधमापन कायद्याखाली तपासून मुद्रांकित झालेलाच हवा. परंतु ज्या मुलाने काटा स्वतः जुळविला आहे, त्यास दरवर्षीच्या त्या मुद्रांकनाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. खरे माप राखण्यास किती जागरूकता लागते, हे त्याने स्वतः भोगलेले असते. खऱ्या मापाचा अभिमान उपदेशाने येत नाही, तो असा येतो.

पालकांचे काम : मागे बसणे

संच विकत घेणे सोपे आहे. मुलास चूक शोधू देणे कठीण आहे. दिवा लागला नाही की वडिलांचा हात पुढे सरसावतो, आणि "थांब, मी दाखवितो" असे शब्द निघतात. त्या क्षणी संच मुलाचा न राहता वडिलांचा होतो. उष्णता, वीज आणि शिसे ह्यांबाबत कठोर पहारा असावा. बाकी सर्व बाबतीत हात मागे बांधून बसावे. विचारावयाचेच झाले तर "तू शेवटी काय बदललेस?" एवढाच प्रश्न विचारावा. तो प्रश्न विचारावयास पालकांस इलेक्ट्रॉनिकी यावी लागत नाही. म्हणून घरातील आजी-आजोबाही हे काम उत्तम करू शकतात. किंबहुना त्यांच्यापाशी लागणारा वेळ व धीर दोन्ही अधिक असतात.

मुलीस हा संच द्यावा काय, असा प्रश्न अद्यापि काही घरांत निघतो. सुईदोरा, रांगोळीचे ठिपके आणि मणिकाम ज्या बोटांनी केले, त्यांस डाखकाम अवघड जाईल असे मानण्यास काहीही आधार नाही. भावाच्या वाढदिवसास संच आणि बहिणीच्या वाढदिवसास बाहुली, ही वाटणी आता तरी बंद व्हावी.

खर्चाविषयीही सांगितले पाहिजे. महागडा संच म्हणजे चांगले शिक्षण नव्हे. सर्व भाग डब्यात घट्ट बसविलेले आणि एकाच रीतीने जुळणारे खेळणे दोन दिवसांत जुने होते. सुटे रोधक, दिवे, तारा व एक फळी वर्षानुवर्षे पुरते. घरातील मोडक्या खेळण्यांतून, जुन्या रेडिओतून आणि बंद पडलेल्या पंख्याच्या दूरनियंत्रकातूनही पुष्कळ भाग मिळतात. कोडिंगच्या शिकवण्यांबाबत विशेष सावध राहावे. २०२० साली अशा शिकवण्यांच्या जाहिरातींचा पूर आला होता. लहान मुलांस कोट्यधीश होण्याची स्वप्ने दाखविणाऱ्या काही जाहिराती तक्रारींनंतर मागे घ्याव्या लागल्या. पारखीवाचून माल घेऊ नये, हा आपला धर्म येथेही लागू आहे.

आणखी एक शंका आज हटकून घेतली जाते. आता संगणकास नुसते सांगितले की तोच आज्ञावली लिहून देतो, मग मुलाने ती शिकून काय करावे? शंका योग्य आहे. काट्याची वरील आज्ञावली असे यंत्र क्षणात लिहून देईल, हे खरे. परंतु लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे ते मुद्रांकित वजन ठेवून पाहणारे माणूसच सांगू शकते. हिशेबनीस कितीही हुशार ठेवला तरी ज्या मालकास खतावणी वाचता येत नाही, तो मालक त्याच्या स्वाधीन असतो. यंत्र जितके हुशार होईल, तितकी तपासणाऱ्याची गरज वाढेल.

शाळा आणि संघटना

ह्या कामी शासनाचीही योजना आहे. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानाखाली २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उघडण्यात आल्या. निवडलेल्या शाळेस त्यासाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद आहे. देशभरात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्यावर २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत शासकीय शाळांमधून आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. आपल्या मुलांच्या शाळेत अशी प्रयोगशाळा असेल तर तिचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते, ह्याची चौकशी पालकसभेत अवश्य करावी. साहित्य मोजून कपाटात ठेवणे आणि मुलांच्या हाती देणे, ह्या दोहोंत मोठे अंतर असते.

शाळेत सोय नसेल तेथे संघटनेने पुढाकार घेता येईल. सभागृहात रविवारी सकाळी दोन तास एक लांब टेबल मांडावे; चार सोल्डरिंग आयर्न, दोन मल्टिमीटर आणि सुट्या भागांची एक पेटी सामाईक असावी; गावातील दूरदर्शन व रेडिओ दुरुस्त करणारा एखादा अनुभवी कारागीर मानधन देऊन बोलवावा. त्याच्या हातातील विद्या अनेकदा कोणत्याही छापील पुस्तिकेहून सरस असते, आणि त्याच्या पुढील पिढीस ती घेण्यास कोणी उरलेले नसते. ह्या टेबलावर सभासदांच्या मुलांबरोबर दुकानांतील नोकरांची व हमालांची मुलेही बसावीत. शिष्यवृत्तीसाठी आपली संघटना निधी उभारते, त्यातील अल्प अंश ह्या कामास पुरेल.

ह्या खटाटोपातून प्रत्येक मूल अभियंता होईल, अशी भाबडी आशा कोणी धरू नये. बहुतेक मुले पुढे आपल्या आवडीच्या व्यवसायात जातील, काही पेढी सांभाळतील. परंतु त्यांच्यापुढे जेव्हा एखादे बंद झाकणाचे यंत्र, गोड बोलणारा विक्रेता किंवा न जुळणारा हिशेब येईल, तेव्हा ती गोंधळणार नाहीत. आधी शून्य तपासतील, मग खरे वजन ठेवून पाहतील. पूर्वजांनी तराजूची दांडी आपल्या हाती दिली. तिचे नवे रूप जाणणारी बोटे पुढील पिढीस देणे, हे आपले कर्तव्य होय. ह्या दिवाळीच्या सुटीत सभासदांच्या घरांतून निदान एकेक दिवा मुलांच्या स्वतःच्या जोडणीने लागो, अशी सदिच्छा व्यक्त करून लेखणी आवरतो.